खालच्या खणातले तांदूळ

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनमंदिरातलं काचेचं कपाट उघडलं, तेव्हा आत चार पुस्तकं होती. असायला हवी होती पाच.

कुलूप धड होतं, काच धड होती. किल्ली नेहमीसारखी चिटणिसांच्या खुर्चीमागे खिळ्याला लटकत होती. वरच्या दोन खणांत चार पुस्तकं आपापल्या लाल फडक्यांत गुंडाळून होती, आणि खालच्या खणात नुसती फळी.

दोन दिवस मंडळींनी आपापसात शोधाशोध केली. गुरुवारी सकाळी चिटणीस सखाराम मास्तर हरिश्चंद्र शिवलकराच्या अंगणात येऊन उभे राहिले. हरिश्चंद्र गुडघ्याला तेल चोळत बसला होता. हवालदारकी सोडून त्याला सहा वर्षं झाली होती, पण लोक अजून त्याला हवालदारच म्हणत.

"चौकीवर जायचं नाही असं ठरलंय," मास्तर म्हणाले.

"कोणी ठरवलंनी?"

"दमयंतीबाईंनी. म्हणाल्या, पोलीस आले की पहिल्यांदा माझ्या हाताखालच्या राहीला धरतील."

"धरतील. मीपण धरली असती." हरिश्चंद्रानं तेलाची वाटी बाजूला सारली. "पुस्तकच ना मास्तर? दुसरं आणा."

"दुसरं नाही. हीच तर पंचाईत आहे. दमयंतीबाईंचं प्रत्येक पुस्तक एकच असतं. छापत नाहीत, हातानं करतात. परवा शनिवारी मुंबईहून गाडी येणार आहे. तिथं त्यांच्या तीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन आहे, आणि हरवलंय ते नेमकं मधोमध ठेवायचं पुस्तक."

हरिश्चंद्राला उठायचं जिवावर आलं होतं. आयुष्यभर लोकांची हरवलेली भांडी, बैल, बायका शोधून तो दमला होता. पण पुस्तक कधी शोधलं नव्हतं. त्याला स्वतःला अक्षर आलं ते पस्तिशीत, पोलीस लायनीतल्या एका कारकुनाच्या कृपेनं. अजूनही वाचताना बोट ओळीखाली सरकवावं लागे. हरवलेल्या पुस्तकाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

"चला," तो म्हणाला. "पण सावकाश. उतार आहे."

२

वाचनमंदिर राजिवड्याच्या वस्तीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. खाली खाडी, वर कौलं, मध्ये दोन खोल्या पुस्तकं. दमयंतीबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, हात मांडीवर उपडे ठेवलेले. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजून वाकडी झाली होती.

"संधिवात," हरिश्चंद्राची नजर पाहून त्या म्हणाल्या. "आता सुई धरता येत नाही. म्हणजे गेलं ते गेलंच, हवालदार. परत करायचं म्हटलं तरी होणार नाही माझ्याच्यानं."

"पहिल्यापासून सांगा. मला पुस्तकातलं काय कळत नाही."

"मलाही कळत नव्हतं." त्या थोडं हसल्या. चौदाव्या वर्षी समुद्राकाठच्या नाटे गावाहून इथं आल्या. आप्पांच्या छापखान्यात कागदाच्या घड्या घालायला लागल्या. मग जुजबंदी शिकल्या, म्हणजे घड्या घातलेल्या पानांची एकेक चळत, एकेक जुज, दोऱ्यानं शिवत जायची. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांची हजेरीपुस्तकं, पंचांगं शिवली. "दहा वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. एके दिवशी लग्नपत्रिकांची उरलेली कात्रणं होती, त्यांचं एक पुस्तक केलं. मजकूर नाही, नुसते 'आमचे येथे' आणि 'कृपेकरून'. आप्पा म्हणाले, हे वाचायचं कुठून? गावात अजून तेच विचारतात."

"मग?"

"मग मुंबईच्या चित्रशाळेतले एक मास्तर पाऊस चुकवायला छापखान्यात शिरले आणि ते पुस्तक घेऊन गेले. दोन वर्षांनी ते जर्मनीत मांडलेलं होतं. मी इथं हजेरीपुस्तकं शिवत होते." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "सोनेरी वर्खाचं आहे ना, त्याचे फोटो तिकडच्या मासिकात आले. हरवलंय त्या 'उधाण'चे कोणी काढले नाहीत. ते दिसायला वाईट होतं."

"वाईट म्हणजे?"

"पानं भाताच्या पेंढ्याच्या कागदाची, मी घरी केलेली. मध्ये मध्ये शिडाचं कापड. कडा जाळलेल्या, काही पानं खाऱ्या पाण्यात बुडवून सुकवलेली. लाकडी अक्षरं शाई न लावता नुसती दाबून उठवली होती. पुढच्या पुढच्या पानांवर ती कमी होत जातात, शेवटी नाहीतच. सात वर्षं लागली." त्या थांबल्या. "शीड माझ्या वडलांच्या मचव्याचं, बदललेलं, घरी पडून राहिलेलं. रामा तांडेल. श्रावण सरल्यावर पहिल्यांदा दर्यात गेले ते आले नाहीत. मचवाही नाही, माणूसही नाही. आईनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. येतील म्हणायची. त्यामुळे दिवस नाहीत, कार्य नाही, काहीच झालं नाही."

हरिश्चंद्र उठला. मग गुडघ्यावर हात देत कपाटापाशी वाकला. खालचा खण ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा स्वच्छ होता. फक्त मागच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं होतं. त्यानं बोटानं ओढून घेतलं.

तांदळाचे चार दाणे.

३

"अहो, ते तांदूळ सोडा!" आप्पा वैतागले. छापखान्यात यंत्र बंद होतं, आणि सत्तरी उलटलेले आप्पा स्टुलावर पाय घेऊन बसले होते. "खळीचे असतील. बाइंडरच्या हाताखाली तांदूळ असायचेच. आम्ही खळ गव्हाची करतो, ही तांदळाची करते. कोकणातली ना!"

"तुम्ही नव्हे कोकणातले?"

"मी शास्त्रशुद्ध कोकणातला."

"दसऱ्याला तुमचं नि बाईंचं वाजलं म्हणे."

"वाजायचंच! त्या 'उधाण'मधली अक्षरं माझ्या छापखान्याची आहेत. माझ्या वडलांनी आणलेले छपाईचे लाकडी खिळे! पुस्तकावर माझं नाव कुठं आहे? मी तिला हातात सुई दिली हो." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तीस वर्षांचं प्रदर्शन म्हणे. त्यातली पहिली पंधरा माझ्या या खोलीतली आहेत. मला कोणी बोलावणंसुद्धा केलं नाही."

"म्हणून नेलंत?"

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "हवालदार, चोरायचं तर सोनेरी वर्खाचं नेलं असतं. ते जळकं-फाटकं नेऊन करू काय, त्यात चिवडा बांधू?"

परत चढ चढताना हरिश्चंद्राच्या डोक्यात तेच वाक्य घोळत राहिलं. किंमत जाणणारा सोनेरी नेईल. दुष्टावा करणारा असेल तर तो तिथंच फाडून टाकील, पाचही फाडील. खालच्या खणापर्यंत वाकून सगळ्यांत वाईट दिसणारं तेवढंच उचलणारा कोण?

वाचनमंदिराच्या दारात झाडूवाली काशी कचरा भरत होती. पन्नाशीची बाई, पदर खोचलेला. "हवालदारानू, पाणी देऊ? दमलाव."

"दे गो बाय."

"मीपण शोधलं," पाण्याचा तांब्या देत ती म्हणाली. "कपाटांच्या खाली, माळ्यावर, सगळीकडं. येवढं मोठं किमती पुस्तक, जाईल कुठं?"

आत राही त्याची वाट बघत उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"मला विचारायचं होतं ना? विचारा," ती म्हणाली. "आणि विचारायच्या आधीच एक सांगते. ते पुस्तक मुंबईला जाऊ नये असं मला वाटत होतं."

४

राही आठ वर्षं दमयंतीबाईंच्या हाताखाली होती. तिशीची, अविवाहित, बोलायला फटकळ.

"का जाऊ नये?" हरिश्चंद्रानं विचारलं.

"'उधाण'चे शेवटचे दोन जुज मी शिवलेत. बाईंची बोटं वळेनात तेव्हा. कोणाला सांगितलेलं नाही. तिथं जाणकार माणसं येणार. दोरा बघतील, म्हणतील, इथं हात बदलला, इथं शिवण कच्ची झाली. बाईंच्या सात वर्षांच्या कामाला माझ्यामुळे डाग." तिनं नाक पुसलं. "पण वाटणं वेगळं आणि करणं वेगळं."

"कपाटाला कुलूप तू लावलंस?"

"हो. नवमीला सगळी पुस्तकं सरस्वतीपुढं मांडली होती, बाईंची पाचही. सखाराम मास्तरांना 'उधाण' नको होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, विद्येच्या देवतेपुढं असलं जळकं-फाटकं कशाला? बाई म्हणाल्या, पाच तर पाच. दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा झाली, तशी मी एकेक पुस्तक ब्रशनं झाडलं, फडक्यात बांधलं, मोजून पाच आत ठेवली. तीन वाजले असतील."

"झाडलंस म्हणजे?"

"पूजेतल्या अक्षता, फुलांच्या पाकळ्या. पुस्तकाजवळ धान्याचा कण राहिला तर उंदीर येतो, कसर लागते. बाईंची पहिली शिकवण तीच. खळीचं भांडंसुद्धा आम्ही पुस्तकांच्या खोलीत आणत नाही."

हरिश्चंद्रानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि खिडकीपाशी बसलेल्या दमयंतीबाईंच्या पुढ्यात सोडली. "मग हे कुठले?"

दमयंतीबाईंनी वाकड्या बोटानं दाणे पसरले. "आमच्या खळीचे नाहीत."

"कशावरून?"

"खळीला मी कणी घेते. गिरणीतून आणलेली तुकडा कणी, स्वस्त असते आणि लवकर शिजते. चांगला तांदूळ कोण शिजवून कागदाला फासील?" त्यांनी एक दाणा उजेडात धरला. "हा अख्खा आहे. चारही अख्खे. आणि याला लाल लागलंय."

कुंकू.

हरिश्चंद्र बाकावर बसला. सखाराम मास्तर आत डोकावून गेले, तरी त्यानं मान वर केली नाही. पूजेतल्या अक्षता तर राहीनं झाडल्या होत्या. म्हणजे या तीननंतरच्या. कोणीतरी कुलूप उघडून, कपाटातल्या त्या एकाच पुस्तकावर पुन्हा अक्षता टाकल्या होत्या. शिवाय खण पुसून घेतला होता. चोर अक्षता कशाला टाकील? अक्षता टाकून जागेवरून हलवतात ते एकाच वेळी. विसर्जनाला देव उठवताना.

"मास्तर," त्यानं हाक मारली. "दसऱ्याचं निर्माल्य कोणी नेलं?"

"म्हणजे? काशीनं. दरवर्षी तीच नेते, संध्याकाळी. खाडीत सोडते."

"कपाटाची किल्ली कुठं असते ते काशीला ठाऊक आहे?"

"अहो, काच पुसते ती रोज. पण तिला कशाला विचारायचं? काशी तर घरचीच आहे."

"तेच," हरिश्चंद्र म्हणाला. "दोन दिवस तुम्ही सगळ्यांना विचारलंत. तिला कोणी विचारलं नाही."

५

काशीला काही लपवायचं नव्हतं. तिला मुळात कळलंच नव्हतं.

"ती पोथी?" तिनं डोळे मोठे केले. "जुनी, जळलेली? ती होय पुस्तक? तुम्ही तर किमती पुस्तक शोधत होतात!"

"ती कुठं आहे, काशी?"

"पोचवली." मग त्यांचे चेहरे बघून तिचा आवाज चाचरला. "फाटक्या पोथीला केरात टाकायचं नाय, रद्दीत द्यायचं नाय. आजीनं शिकवलान आम्हांला. आम्हांला अक्षर नाय, पण अक्षराचा मान ठाऊक आहे. नवमीला मास्तर बोलले, असली पूजेत नको. मला रातभर वाईट वाटलं. म्हातारं माणूस सगळ्यांपुढं बोलणी खातं, तसं. संध्याकाळी काच पुसायला उघडलं, तर तिला सगळ्यांत खाली टाकलेली, फडक्यातून जळकी कड बाहेर. म्हटलं, तिचे हाल नको. निर्माल्यातल्या अक्षता घातल्या, पाया पडले. फडक्यात दगड बांधला नि राजिवड्याच्या पायऱ्यांवरून सोडली."

सखाराम मास्तर भिंतीकडे बघायला लागले. राहीनं तोंडावर हात घेतला. काशी एकेकाकडे पाहत होती.

"बाई," ती दमयंतीबाईंना म्हणाली, "ती तुमची होती?"

दमयंतीबाईंनी होय म्हणून मान हलवली.

हरिश्चंद्र खिडकीतून खाडीकडे पाहत होता. जन्म समुद्राकाठी गेलेला माणूस. त्यानं बोटांवर तिथी मोजल्या. "दशमीला सोडलीस. दशमीची ओहोटी लहान, पाणी शेवटच्या पायऱ्या सोडत नाय. उद्या चतुर्दशी. उद्या संध्याकाळची ओहोटी मोठी, पार चिखल उघडा पडेल." तो वळला. "दगड कितका मोठा होता गो?"

"पाट्याच्या वरवंट्याएवढा."

"मग असेल तिथंच. कसं असेल ते सांगता येत नाय."

६

शुक्रवारी पाच वाजता पाणी पायऱ्या सोडून खाली गेलं. काळा चिखल, शिंपा, एक फुटकी घागर. काशी गुडघ्याएवढ्या चिखलात उतरली. कोणालाही पुढं येऊ देईना. हरिश्चंद्र, राही आणि दमयंतीबाई वरच्या पायरीवर थांबली. मास्तर आले नव्हते. आप्पा मात्र न बोलावता आले होते, आणि दोन हात लांब, काठीवर भार देऊन उभे होते.

लाल फडकं पहिल्यांदा दिसलं. काशीनं ते दोन्ही हातांवर घेऊन वर आणलं, लहान मूल आणावं तसं.

फडकं सोडलं. पेंढ्याच्या कागदाचा लगदा झाला होता. पिठासारखा बोटांना लागून सुटत होता. दाबून उठवलेली अक्षरं गेली होती. जळक्या कडा गेल्या होत्या. उरली होती शिडाच्या कापडाची पानं, आणि त्यांना धरून असलेला पुठ्ठ्याविना कणा. तपकिरी दोरा ताठ होता. ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळलेला, पूर्वी मासे धरायची जाळी उकळायचे तसा.

आप्पांनी वाकून बघितलं. "एक टाका सुटला नाही," ते पुटपुटले.

दमयंतीबाईंनी वाकडं बोट कण्यावरून खाली नेलं. जिथं हात बदलला होता तिथं ते थांबलं. मग पुढं गेलं, शेवटच्या गाठीपर्यंत.

"राही," त्या म्हणाल्या, "तुझेही सुटले नाहीत."

राही खाली पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"उन्हात नको वाळवू," दमयंतीबाई तिला म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण नेहमीचा होता. "सावलीत, दोरीवर. चिखल निघेल तेवढाच काढ. उद्या गाडीत असंच जाईल."

"असंच? बाई, त्यात राहिलंय काय!"

"मधोमध ठेवायला सांग. खाली पट्टी लाव. शिवण दोघींची म्हणून लिही. अक्षरं आप्पांच्या छापखान्याची होती, तेही लिही."

आप्पांनी घसा साफ केला. मग ते काठी टेकत चढ चढायला लागले.

काशी पुन्हा खाली चिखलात जाऊन उभी होती. वर यायचं तिचं धाडस होत नव्हतं. दमयंतीबाई पायऱ्या उतरून तिच्यासमोर गेल्या.

"सोडताना काही म्हणालीस?"

"नाय ओ बाई. मला मंत्र कुठं येतात?" काशीनं पदरानं तोंड पुसलं, त्याला चिखल लागला. "नुसतं म्हटलं, लय दमलास बाबा. आता जा. मागं बघू नको."

"बाबा म्हणालीस? पोथीला?"

"काय ठाऊक. तोंडातून तसंच आलं."

दमयंतीबाई पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. बाहेर मचवे परतत होते. त्यांनी नाटे गावाच्या दिशेला पाहिलं आणि आपले दोन्ही वाकडे हात, जमतील तसे, जोडले. फार वेळ नाही. मग काशीचा दंड धरून त्या तिला वर घेऊन आल्या.

घरी परतताना अर्धा चढ काशी हरिश्चंद्राबरोबर होती. पाय धुऊनही तिच्या घोट्यांना काळं राहिलं होतं.

"मास्तरांना लिहून पायजे," हरिश्चंद्र म्हणाला. "कोणी नेलं, कसं नेलं. आज रात्री बसायला लागेल. मला एक पान लिहायला दोन तास लागतात."

"माझं नाव लिवाल?"

"पुस्तक सापडलं, चोरी झाली नव्हती. येवढंच लिहीन. दोन ओळी. गुडघ्याला बरं."

ती थोडा वेळ गप्प चालली. मग तिनं विचारलं, "हवालदारानू, तुम्हांला वाचता येतं. त्या पोथीत लिवलेलं काय होतं?"

हरिश्चंद्र धाप लागून थांबला. खाडीत भरती लागली होती, खालच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या.

"मी ते उघडून बघितलंच नाय गो," तो म्हणाला. "सोडताना तू वाचलंस तेवढंच असेल."